मोअरमागच्या डिथॅचरची जोडणी आणि लॉनची विंचरणी

लॉनवर अर्धा तास पाइप धरला, पाणी वरच्या वर वाहत जाऊन कडेच्या फरशीवर आले, आणि तरीही खुरपे टोचल्यावर खालची माती कोरडीच निघाली, असा अनुभव आला असेल तर कमतरता पाण्याची नसते. गवताची हिरवी पाती आणि माती यांच्यामध्ये मेलेल्या काड्यांची जी गादी साचते, ती वाळली की पाणी आत घेत नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना लॉनवरून वाहून जाणारे पाणी पाहवत नाही. लातूरजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या 30 गुंठ्यांच्या लॉनची देखभाल मी गेली काही वर्षे करीत आहे, आणि ही गादी दात्यांनी ओढून काढण्याचे, म्हणजे लॉन विंचरण्याचे काम मी मुळात पाण्यासाठी शिकलो. बसून चालवायच्या मोअरमागे, म्हणजे गवत कापायच्या यंत्रामागे, जोडतात ते दात्यांचे अवजार, म्हणजे डिथॅचर, पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी ही माहिती लिहिली आहे.

गादी कशी साचते आणि ती कशी मोजावी

आपल्याकडील बहुतेक लॉन हराळीच्या जातीचे असतात. ज्या हराळी-कुंद्यासाठी शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, तीच हराळी इथे आपण जपून वाढवतो, आणि तिचा चिवट स्वभाव दोन्हीकडे सारखाच असतो. तिच्या काड्या जमिनीवरून आणि जमिनीखालून धावत राहतात, पेरापेराला मुळ्या टाकतात, आणि जुन्या काड्या मेल्या तरी त्या चिवट असल्यामुळे लवकर कुजत नाहीत. कापलेल्या पात्यांचा चुरा लॉनवर राहिल्याने गादी होते असा समज आहे, परंतु पाती कोवळी असल्याने तो चुरा लवकर कुजून जातो. गादी होते ती काड्यांची आणि मुळ्यांची. युरियाचा हात सैल सोडणे, रोज थोडे थोडे पाणी देणे आणि माती दबलेली असणे, या तीन गोष्टी गादी वाढवतात. कार्यालयाच्या लॉनवर खुर्च्या, मंडपाचे खांब आणि हजारो पावले यांनी काळी माती इतकी दाबली जाते की तिच्यात हवा खेळत नाही, आणि हवेवाचून काड्या कुजवणारे सूक्ष्म जीव आपले काम नीट करू शकत नाहीत.

यंत्राला हात लावण्यापूर्वी मोजमाप करावे. लॉनच्या चार-पाच ठिकाणी खुरप्याने तीन इंच खोल, केकच्या तुकड्यासारखी पाचर कापून काढावी. वर हिरवी पाती, खाली माती आणि मध्ये तपकिरी, स्पंजासारखा दबणारा थर दिसेल. या थराची जाडी पट्टीने मोजावी. ती 12 मिलिमीटरपर्यंत असेल तर लॉन तसेच राहू द्यावे, कारण एवढी गादी उन्हापासून मुळांचे रक्षण करते आणि पायाखाली मऊपणा देते. त्याहून जाड असेल तर विंचरणी करावी. थर 25 मिलिमीटरच्या वर गेला असेल तर मात्र एकाच वर्षी सगळा काढण्याचा मोह टाळावा. अशा लॉनमध्ये गवताची मुळे मातीत न जाता गादीतच वाढलेली असतात, आणि गादीबरोबर गवतही उपटून येते. त्याला दोन पावसाळे द्यावेत.

वेळ: चातुर्मास आणि वाफसा

पहिल्या वर्षी मी हे काम एप्रिलमध्ये केले. मे महिन्यातील लग्नांच्या आधी लॉन मोकळे आणि ताजे दिसावे असा हेतू होता. विंचरलेले गवत पुन्हा भरायला जोमदार वाढ लागते, वाढीला भरपूर पाणी लागते, आणि आमच्या बोअरला त्या महिन्यात दिवसाला जेमतेम दीड तास पाणी होते. लॉन उघडे पडले, ऊन थेट काड्यांच्या बुडख्यावर पडले, आणि ऐन लग्नसराईत मधला सगळा भाग हिरवी जाळी अंथरून झाकावा लागला. एका वधूपित्याने फोटोसाठी म्हणून हेच लॉन पसंत केले होते. त्यांच्यासमोर उभे राहताना मला फार अपराधी वाटले.

हराळी उष्ण आणि ओल्या दिवसांत सर्वांत जोरात वाढते. मराठवाड्यात असे दिवस मृग बरसल्यानंतर येतात, आणि आषाढी एकादशीपासून लग्ने थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. म्हणजे गवताला वाढायची वेळ आणि लॉन रिकामे असण्याची वेळ एकच आहे. जूनअखेर ते जुलै हा पहिला पर्याय धरावा. पाऊस लांबला तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत काम उरकावे, कारण पुढे थंडी लागली की गवत भरत नाही. पावसाने ताण दिला असेल आणि बोअरचा भरवसा नसेल, तर विंचरणी पुढे ढकलण्यात काहीच कमीपणा नाही.

महिना ठरला तरी दिवस ठरवावा तो वाफशावर. भर पावसानंतर लगेच यंत्र घातले तर चाकांनी काळी माती आणखी दाबली जाते, दातांना चिखल लागतो, आणि भिजलेल्या मातीतून गवत मुळासकट निघते. माती पार वाळून कडक झाली तर दात वरच्या वर घसरतात. कोळपणीला शेतात शिरण्यापूर्वी शेतकरी मातीची मूठ वळून पाहतो, तसेच येथेही करावे. मूठभर मातीचा गोळा वळला, आणि बोटाने दाबताच तो फुटला, तर वाफसा आला असे समजावे.

अवजाराची निवड

एक-दोन गुंठ्यांच्या घरगुती लॉनला यंत्राची गरज नाही. स्प्रिंगच्या दातांचे हातदाताळे आणि एक सकाळ पुरेशी होते. ढकलायच्या मोअरसाठी नेहमीचे पाते काढून बसवायची, टोकांना स्प्रिंगच्या तारा असलेली पातीही मिळतात. ती स्वस्त असतात, परंतु मला ती पसंत नाहीत: तारा जोराने गरगरत असल्याने खडे उडवतात, आणि एका जागी क्षणभर थांबले तरी तिथे टक्कल पडते. ती वापरायचीच असतील तर स्पार्क प्लगची वायर आधी काढावी, मोअर कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, आणि पायांत बंद बूट घालावेत.

मोठ्या लॉनसाठी बसून चालवायच्या मोअरमागे ओढायचे डिथॅचर योग्य ठरते. साधारण एक मीटर रुंदीची लोखंडी चौकट, तिच्याखाली दोन रांगांत वीसच्या आसपास स्प्रिंगचे दात, वर वजन ठेवायला ट्रे, मागे दोन छोटी चाके, आणि दात वर-खाली करायचा दांडा, एवढेच त्याचे स्वरूप असते. वखर खोल लागावा म्हणून त्याच्यावर दगड ठेवतात, त्याच कारणासाठी हा ट्रे आहे. फरक एवढाच की वखराची पास जमिनीत शिरून माती हलवते, तर या दातांनी मातीला टेकायचे असते, मातीत शिरायचे नसते. सुरुवातीच्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

जोडणी

खोके उघडल्यावर सगळे भाग ताडपत्रीवर मांडून पुस्तिकेतील यादीप्रमाणे मोजून घ्यावेत. दात आणि नट-बोल्ट कमी निघाले तर ते आजच कळलेले बरे. जोडणी अर्ध्यावर आल्यावर सुट्या भागासाठी आठवडाभर थांबावे लागते. बाहेरून आलेल्या अवजारांचे बोल्ट अनेकदा इंचाच्या मापाचे असतात. अर्ध्या इंचाचे डोके असलेल्या बोल्टला 13 मिलिमीटरचा पाना लागल्यासारखा वाटतो, पण तो किंचित सैल असतो आणि जोर लावताच बोल्टचे कोपरे झिजवतो, म्हणून योग्य मापाचे पाने आधी जमवावेत. हातमोजे घालावेत, नव्या दातांची टोके चांगलीच बोचतात.

चौकट उलटी करून ताडपत्रीवर ठेवली की दात बसवणे सोपे जाते. प्रत्येक दाताला वर वेटोळे आणि खाली लांब तार असते. दात कोणत्या तोंडाने बसवायचा हे पुस्तिकेतील चित्रात पाहावे, आणि एक दात बसवून झाल्यावर हाताने खात्री करावी: यंत्र पुढे जाताना दाताचे टोक मागे ढकलले जाणार आहे, तेव्हा टोक मागे दाबल्यावर वेटोळे आवळले गेले पाहिजे. ते उलगडत असेल तर दात उलटा बसला आहे, आणि उलटा बसलेला दात पहिल्याच तासात ताणून निकामी होतो. सगळे दात बसवल्यानंतर ही चूक लक्षात आली तर सगळे नट पुन्हा खोलावे लागतात, म्हणून पहिल्या दातालाच वेळ द्यावा. मागच्या रांगेतील दात पुढच्या रांगेतील दातांच्या मोकळ्या जागेत आले पाहिजेत. समोर बसून डोळा लावून पाहिल्यावर दोन्ही रांगा मिळून एक दाट फणी दिसली, तर मांडणी बरोबर आहे.

चौकटीचे बोल्ट सुरुवातीला हातानेच आवळून ठेवावेत. सगळे भाग जागेवर आल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत, ते सारखे भरले की मग पान्याने बोल्ट पक्के करावेत. आत नायलॉनची कडी असलेले नट सैल होत नाहीत, परंतु ते शेवटपर्यंत पान्यानेच फिरवावे लागतात. हाताला ते अर्ध्यावर घट्ट लागतात आणि काम झाले असे वाटते. याला अपवाद दोन ठिकाणांचा आहे. चाकाच्या आसाचा नट आणि दात वर-खाली करणाऱ्या दांड्याच्या खिळीचा नट एवढाच आवळावा की चाक सहज फिरेल आणि दांडा सहज हलेल, पण लडबडणार नाही.

यानंतर हिच, म्हणजे मोअरला अडकवायचा भाग. मोअर सपाट फरशीवर उभा करून किल्ली काढून घ्यावी आणि हँडब्रेक लावावा. हिचची पिन वरून घालून खाली तिची स्प्रिंग क्लिप लावावी. क्लिप हरवली म्हणून तिथे तार पिळून काम चालवू नये, कारण वळणावर पिन उचलली जाते आणि सगळे अवजार सुटून मागे राहते. जोडल्यावर चार पावले मागे जाऊन बाजूने पाहावे. ट्रे जमिनीला समांतर असला पाहिजे. तो पुढे झुकलेला असेल तर पुढचीच रांग लागेल आणि मागची अधांतरी राहील. मागे झुकलेला असेल तर उलट होईल. हिचच्या पट्टीला बहुधा दोन-तीन भोके असतात, त्यांतील योग्य भोक निवडून ट्रे समांतर करावा.

लॉनची तयारी

आदल्या दिवशी लॉन नेहमीपेक्षा खाली कापावे. 40 मिलिमीटरवर ठेवत असाल तर 25 वर आणावे आणि कापलेले गवत गोळा करावे, म्हणजे दात थेट गादीपर्यंत पोहोचतात.

त्यानंतर लॉन पायांनी फिरून पाहावे, आणि या कामाला कंटाळू नये. स्प्रिंकलरचे तोंड, पाण्याचा व्हॉल्व्ह, दिव्यांची केबल या प्रत्येक जागी बांबूची काडी रोवून तिला रंगीत चिंधी बांधावी. कार्यालयाच्या लॉनमध्ये याहून मोठा धोका मंडपाच्या राहून गेलेल्या लोखंडी खुंट्यांचा असतो. दुसऱ्या वर्षी अशीच एक खुंटी, गवताच्या खाली जेमतेम दोन बोटे, माझ्या नजरेतून सुटली आणि लागोपाठ तीन दात तुटले. तेव्हापासून जाड लोहचुंबक दोरीला बांधून मी तो सगळ्या लॉनवरून ओढतो. खिळे, सेफ्टी पिना, तारेचे तुकडे आणि साडीचे आकडे यांनी तो भरून जातो. मोठी खुंटी चुंबकाला उचलवत नाही, पण चुंबक तिथे अडखळतो, आणि ती जागा लक्षात येते.

प्रत्यक्ष चालवणे

पहिली पाळी वजन न ठेवता घालावी. डिथॅचर वर उचललेल्या स्थितीत लॉनवर न्यावे, मोअरची पाती बंद ठेवावीत, मग दात खाली सोडून दहा पावले चालावे आणि उतरून पाहावे. दातांच्या मागे तपकिरी काड्यांची ओळ उठली असेल आणि मातीवर फक्त ओरखडे दिसत असतील, तर खोली बरोबर आहे. माती उकरली जात असेल किंवा पांढऱ्या मुळ्यांसकट हिरवे पुंजके येत असतील, तर दात वर घ्यावेत. काड्या येतच नसतील तर ट्रेमध्ये दोन्ही बाजूंना एकेक वीट ठेवावी आणि पुन्हा दहा पावले चालून पाहावे. पुस्तिकेत दिलेल्या वजनाच्या वर कधीही जाऊ नये.

वेग माणसाच्या चालण्याएवढा, म्हणजे ताशी 4 ते 5 किलोमीटर ठेवावा. त्याहून जोरात गेले की दात उड्या मारतात आणि पट्टे सुटतात. प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर वीतभर चढवून घ्यावा. कडेला पोहोचल्यावर आधी दात वर उचलावेत आणि मगच वळावे. दात खाली असताना मोअर मागे घेणे ही तर हमखास नुकसानीची गोष्ट आहे, कारण दात मागे वाकण्यासाठी घडवलेले असतात. उलट ओढले की वेटोळे उलगडून वाकडे होतात. उतार असेल तर उताराला आडवे न जाता वर-खाली चालावे. लॉनवर मुलांना फिरू देऊ नये आणि चालवताना चष्मा लावावा, कारण तुटलेल्या दाताचा तुकडा दूरवर उडतो.

पहिली पाळी संपली की निघालेल्या काड्या गोळा कराव्यात आणि मग शेतात वखराची घालतात तशी दुसरी पाळी आडवी घालावी. पहिल्या पाळीत काड्या एका दिशेने झोपलेल्या असतात, त्या आडव्या पाळीत उठून येतात. 30 गुंठ्यांना दोन्ही पाळ्या मिळून मला सुमारे तीन तास लागतात. काड्या गोळा करायला मात्र तीन माणसांना दोन दिवस पुरत नाहीत. मजुरीचा हिशेब यंत्राच्या तासांवर न करता या ढिगावर करावा.

निघालेल्या काड्यांचे काय करावे

या काड्यांत हराळीची जिवंत पेरे असतात, आणि एकेक पेर ओल मिळताच मुळी धरते. हा ढीग ताजा ताजा शेजारच्या शेताच्या बांधावर टाकणे म्हणजे त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पुढील अनेक वर्षांची खुरपणी टाकणे होय. असे होताना मी पाहिले आहे आणि त्या शेतकऱ्याचा संताप पूर्ण रास्त होता. काड्या फरशीवर किंवा पत्र्यावर पातळ पसराव्यात, पाऊस आला तर वर ताडपत्री ओढावी, आणि मोडल्यावर कडकन आवाज येईपर्यंत वाळवाव्यात. मगच त्या शेणकाल्याचे थर देत खड्ड्यात भराव्यात. लॉनवर तणनाशक मारले असेल तर हे खत भाजीपाल्याला घालू नये.

नंतरचे तीन-चार आठवडे

विंचरलेले लॉन पहिले दहा-बारा दिवस विटके आणि उघडेबोडके दिसते. मालकांना हे आधीच सांगून ठेवावे. त्याच दिवशी पाऊस नसेल तर भरपूर पाणी द्यावे, आणि पुढे रोज शिंपडण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी चार-पाच इंच ओल जाईल एवढे एकदम द्यावे. चाळलेले कुजके शेणखत आणि बारीक वाळू मिसळून तिचा अर्धा सेंटिमीटरचा थर झाडूने पसरावा; गवताची टोके त्यातून वर दिसली पाहिजेत. युरिया गुंठ्याला एक किलोपेक्षा अधिक नको, आणि तोही निम्मा आठवड्याने व निम्मा तीन आठवड्यांनी, पाती कोरडी असताना टाकून लगेच पाण्याने विरघळवावा. टक्कल पडलेल्या जागी कडेच्या दाट भागातील हराळीचे मुळ्या असलेले तुकडे चार-चार बोटांच्या अंतराने टोचावेत. माती फार दबलेली असेल तर याच दिवसांत काटेरी पहारीने किंवा पोकळ नळीने तीन इंच खोल भोके पाडून घ्यावीत, कारण दबलेली माती तशीच राहिली तर गादी पुन्हा साचते. गवत भरेपर्यंत लॉनवर कार्यक्रम घेऊ नये, आणि पहिली कापणी वरच्या मापावर करावी.

अवजार मात्र त्याच संध्याकाळी धुवावे. वेटोळ्यांत अडकलेल्या ओल्या काड्या आणि काळी माती रात्रभर राहिली तर गंज तिथूनच सुरू होतो. जुन्या टूथब्रशने वेटोळी साफ करून, पुसून, वापरलेल्या इंजिन ऑइलचा पातळ हात प्रत्येक दातावर फिरवावा, वाकलेले दात वेगळे काढून पुढच्या वर्षासाठी तेवढे नवे मागवावेत, आणि चौकट दात भिंतीकडे करून उभी टांगून ठेवावी.